सरचू ते पांग: एका दमात की मध्ये मुक्काम?

मनाली–लेह सायकलने करायला निघालेली भाची एकाच प्रश्नावर अडली आहे. या वाटेवरचा सरचू–पांग टप्पा एका दिवसात मारायचा, की मधल्या व्हिस्की नाल्याच्या तंबूत रात्र काढायची?

अंतर जेमतेम ७५–८० किमी. पण गाटा लूप्सची २१ वळणं, मग नकी ला ही खिंड ('ला' म्हणजे खिंड), थोडा उतार आणि पुन्हा ५,००० मीटरवरची लाचुंग ला.

कष्ट: एका दिवसात करायचं तर उजाडताच निघ. दुपारनंतर वारा सुटतो, अंगात त्राण उरत नाही. लाचुंग खिंडीतच संध्याकाळ झाली, तर पांगचा उतार अंधारात, गारठलेल्या बोटांनी ब्रेक दाबत उतरावा लागेल.

झोप: मुक्कामाची खरी किंमत इथे मोजावी लागते. नाला सरचूपेक्षा बराच उंच, दोन खिंडींच्या मधोमध. रात्री उंचीमुळे डोकं ठणकायला लागलं तर पटकन खाली उतरता येत नाही: पुढेही चढ, मागेही चढ. पांगही उंचच, पण तिथे लष्कराचा तळ तरी आहे.

खर्चाचा फरक किरकोळ.

उंची अंगवळणी पडली असेल आणि सामान गाडीत असेल, तर एका दिवसात जा. पॅनियर (सायकलला लावायच्या सामानाच्या पिशव्या) भरलेले असतील आणि सरचूला शांत झोप लागली असेल, तर नाल्यावर थांब. सरचूलाच डोकं दुखत असेल तर मात्र वर चढूच नकोस, बाळा.