सीटीचा डाय की एमआरआयचा? किडनी पेशंटसाठी
आत्या डायलिसिसवर आहे, अँजिओग्राफी झाली त्या संध्याकाळी समोर धरलेला चहाचा कप ती हाताने चाचपडायला लागली, दिसतच नव्हतं, आम्ही जाम घाबरलो. तो आयोडीनवाला डाय (नसा फोटोत नीट दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध), सीटीलाही तसलाच असतो, किडनी कमजोर असली की अंगात जास्त वेळ राहतो आणि क्वचित मेंदूवर येतो, बरळणं, फिट, नजर जाणं, पण बहुतेकदा दोन-तीन दिवसांत उतरतं, तिचंही उतरलं. एमआरआयचा डाय गॅडोलिनियम धातूचा, त्याने तसं होणं अजूनच दुर्मिळ, पण तो मेंदूत थोडा साठतो, त्याने त्रास होतो हे सिद्ध नाहीये, तरी लिनियर प्रकारातले (गॅडोलिनियम सैल धरणारे) बरेच डाय युरोपने 2017 ला थांबवले. किडनीवाल्यांना त्याची मोठी भीती म्हणजे कातडी कडक होणं. ईजीएफआर (किडनी किती गाळते तो रक्ततपासणीतला आकडा) 30 च्या खाली असेल तर मॅक्रोसायक्लिकच (गॅडोलिनियम घट्ट धरणारा प्रकार) देताय ना, हे आधी विचाराच.