सात महिने वापरून: एसएसडी, जुनी रॅम, दोन राउटर आणि त्या चार वायरी

एसएसडीबद्दल, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कऐवजी लावायच्या वेगवान डिस्कबद्दल, फार लिहिणार नाहीये. टाका, विषय संपला. आमचा पीसी २०१४ मध्ये असेंबल केलेला, चौथ्या जनरेशनचा आय थ्री प्रोसेसर, एच ८१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम. मी घरून अकाउंट्सची कामं करते, टॅली आणि जीएसटी रिटर्न. सकाळी पीसी चालू करून कुकर लावायचे, तीन शिट्ट्या झाल्या की डेस्कटॉप दिसायचा. आता डाळ धुवायच्या आत चालू होतो.

जूनमध्ये डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवरून ४८० जीबीची साटा एसएसडी २४०० ला आणि वापरलेली ८ जीबी डीडीआर थ्री रॅम ७५० ला घेतली. दुकानदार नवीन पीसीच घ्या म्हणून मागे लागला होता, ३५ हजारांचं कोटेशनसुद्धा कागदावर लिहून दिलं, त्या कागदावर मी नंतर वाणसामानाची यादी केली.

रॅमने सुरुवातीला वात आणला. आठवड्यातून दोनदा हँग, आणि हँग व्हायचा तो बरोब्बर रिटर्न भरताना. सेकंडहँड वस्तू घेऊच नये असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. ते शब्द मागे घेते. लेकाच्या कंपासमधल्या खोडरबरने रॅमची ती सोनेरी पट्टी हलकीशी घासली, स्लॉटमधली धूळ ब्रशने काढली, त्यानंतर आजपर्यंत एकदाही हँग नाही. एसएसडी पण मी दोन महिने चुकीच्या पोर्टात लावून बसले होते, एच ८१ वर डिस्क जोडायच्या चारपैकी दोनच साटा पोर्ट ६ जीबीपीएसचे असतात, बाकीचे हळू. डिस्कच्या टेस्टमध्ये सेकंदाला २७० एमबीच्या आसपास यायचं, पोर्ट बदलल्यावर ५२०. खरं सांगू, टॅली उघडताना मला तरी काडीचा फरक कळला नाही.

आता मूळ दुखणं. जुलैमध्ये आमच्या केबलवाल्याने ५० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा करून घ्या म्हणून सांगितलं, महिन्याला फक्त १०० रुपये जास्त. केला. स्पीड टेस्ट लावली तर ९४. रात्री १२ ला ९४, पहाटे ५ ला ९४, वायफायवर ९४, वायरने ९४. नेट खरंच स्लो असेल तर आकडा वरखाली होतो हो, हा खिळा ठोकल्यासारखा ९४ लाच. फोन केला की उत्तर ठरलेलं, "मॅडम, आमच्याकडून सगळं ओके आहे, तुमचा राउटर जुना आहे."

राउटर जुना होताच, म्हणून १९०० चा ड्युअल बँड घेतला. बॉक्सवर १२०० लिहिलेलं. ९४! मग मॅन्युअल काढून वाचलं तर ते १२०० म्हणजे दोन्ही बँडच्या वायफायची बेरीज, ३०० अधिक ८६७, आणि मागचे वायरीचे पोर्ट सगळे १०/१०० चे, म्हणजे जास्तीत जास्त १०० एमबीपीएस. म्हणजे घरात येणारा पाइप अर्ध्या इंचाचा आणि आत नळ बसवलाय दोन इंचाचा. पोर्ट १०० चा असला की पॅकेटचे हेडर, म्हणजे डेटाच्या प्रत्येक तुकड्यासोबत जाणारा पत्ता, वगैरे वजा जाता हातात ९४ च्या आसपासच पडतात, तर हे खिळ्याचं कारण. बॉक्सवर कुठेही मोठ्या अक्षरात हे लिहिलेलं नव्हतं. राउटर घेताना बाकी काही बघू नका, पोर्टपुढे गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, लिहिलंय का तेवढं बघा. तो राउटर भावजयीला १२०० ला दिला, तिचा प्लॅन ४० चा आहे, ती खूश आहे.

दुसरा घेतला २६०० चा, गिगाबिट पोर्टवाला. लावला, टेस्ट केली.

९४.

नवरा म्हणाला सोडून दे, ९४ पण पुष्कळ आहे आपल्याला. पुष्कळ आहे ना, मला मान्य आहे! पण मी २०० चे पैसे देतेय.

मग घरात येणारी वायर राउटरमधून काढून सरळ पीसीला लावली. बोर्डचा लॅन पोर्ट, म्हणजे नेटची वायर लावायचा, गिगाबिट आहे, तरी विंडोजमध्ये लिंक स्पीड १००. म्हणजे राउटरचा काही दोषच नाही. मोबाइलचा टॉर्च लावून कनेक्टर डोळ्यापाशी धरला. पारदर्शक प्लास्टिक, आत आठ खाचा, आणि वायरी चार. पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. बाकीच्या चार निळ्या-तपकिरी वायरी कापून पांढऱ्या आवरणात मागे दुमडून ठेवलेल्या. १०० एमबीपीएसला चारच वायरी लागतात, गिगाबिटला आठही लागतात. ५० च्या प्लॅनला हे चालून गेलं, म्हणून सहा वर्षं कुणाला पत्ता नाही. आणि मी तीन महिने राउटर बदलत बसले.

वायरीवर कनेक्टर दाबून बसवायचं ३५० चं क्रिम्पिंग टूल आणलं, सोबत दहा कनेक्टर. वायरींचा क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हे वाचायला सोपं आहे. त्या आठ जणी एका रांगेत सरळ करून टोकं सारखी कापून खाचांमध्ये ढकलताना एक तरी शेजारच्या खाचेत शिरतेच, वर वायर तांब्याची पण नाही, ब्लेडने खरवडली तर आत चंदेरी, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, दोनदा वाकवलं की तुटतं. तीन कनेक्टर वाया गेले, चौथा जमला. दुसरं टोक गच्चीवरच्या कुलूपबंद डब्यात, तिथे मात्र त्यांचाच माणूस लागला. पोरगा बिचारा चांगला होता, वर जाऊन पाच मिनिटांत करून आला. "ताई, हे घरातलं तुम्ही केलंत?" म्हणाला. टेस्ट लावली, १८८. त्याच्यासाठी चहा टाकला.

बाकीचं पटकन सांगते. विंडोज ११ ह्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा लागतो, आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मी मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून, सेटिंग्ज बॅकअपला लावून वाढीव सिक्युरिटी अपडेट फुकटात घेतलेत, ते ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. लेक लिनक्स टाक म्हणतो, पण टॅली आणि डिजिटल सहीचा डोंगल आहे माझ्या गळ्यात, त्यामुळे सध्या नाही.

हिशोब असा की एसएसडी, रॅम, दोन राउटर आणि टूल मिळून ८०००, त्यातले भावजयीकडून १२०० परत आले. दुसऱ्या राउटरमुळे आतल्या खोलीत वायफाय बरं येतं म्हणून तो पैसा मी वाया गेला असं म्हणत नाही. पण पहिल्यात गेलेले ७०० मला अजून टोचतात.

आणि तीन महिन्यांचे वरचे ३०० रुपये मी केबलवाल्याकडे मागितलेत. "पुढच्या बिलात बघू मॅडम." तीन बिलं येऊन गेली. दरम्यान खालच्या मजल्यावरच्या काकूंचा टीव्ही अडकतो म्हणून त्यांनी बोलावलं होतं, टॉर्च घेऊनच गेले. चारच वायरी. सहा कनेक्टर उरलेत माझ्याकडे.