सिटी चौकातलं जुन्या नाण्यांचं दुकान
संभाजीनगरला सिटी चौकाच्या मागच्या गल्लीत हे एवढुसं दुकान आहे, परवा गेलो तर चाचांनी आधी चहा पाजला, मग भिंग हातात दिलं आन् मोहम्मद तुघलकाचा पितळी टंका, म्हणजे त्या काळचं नाणं, पुढे ठेवला, 730 हिजरी म्हणजे 1329-30 चा, चांदीच्या टंक्याच्या भावात चालवायला काढलेला! त्यावर अरबीत कोरलंय, जो सुलतानाचं ऐकतो तो रहमानचं, म्हणजे अल्लाहचं ऐकतो. अंगावर काटाच आला राव. औरंगजेबाचा रुपया काट्यावर टाकून दाखवला, साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, टांकसाळ खुजिस्ता बुनियाद, म्हणजे आपलंच गाव की! फक्त काही नाणी चिंचेनं घासून चकचकीत केलेली आहेत, ती घेऊ नका, अक्षरं झिजतात. पावती मात्र मागून घ्या.