थेरमिनने लॅपटॉपमधला सिंथ वाजवायचा, तर जोडायचा कसा?

थेरमिन म्हणजे हात न लावता वाजणारं वाद्य: दांडीजवळचा उजवा हात सूर ठरवतो, कडीजवळचा डावा आवाज. सर्ज एक्सटी किंवा व्हायटलसारखा सिंथ, म्हणजे आवाज घडवणारं सॉफ्टवेअर, लॅपटॉपवर फुकटात मिळतो. प्रश्न आहे तो हवेत फिरणारा हात त्याच्यापर्यंत पोचवायचा कसा. रस्ते तीन: ऑडिओ (थेरमिनचा आवाजच), मिडी (वाद्य आणि संगणक यांच्यातले आकड्यांचे संदेश) आणि कंट्रोल व्होल्टेज (हाताची जागा सांगणारं व्होल्टेज). माझा कल आधीच सांगतो. थेरमिन घ्यायचं ते सलग सुरासाठी. मींड तुटणार असेल तर त्यापेक्षा साधा कीबोर्ड बरा.

थेरमिन घरात आहे आणि फक्त चव घ्यायची आहे, तर ऑडिओ. थेरमिनची पिन ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे लॅपटॉपला आवाज पोचवणाऱ्या खोक्यात, खोचा. गिटारसाठी बनवलेलं सूर ओळखणारं सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ जॅम ओरिजिनचं मिडी गिटार, पुढचं बघतं. थेरमिन एका वेळी एकच सूर देतं, त्यामुळे ओळखणं सोपं जातं. खर्जात मात्र उशीर जाणवतो. 65 हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तनच 15 मिलिसेकंदांचं, ते पुरं झाल्याशिवाय सूर कळणार कसा? शिवाय सा वरून प कडे घसरलात की वाटेत नव्या नोटा सुटतात आणि मींडीची शिडी होते. सिंथ मोनो (एका वेळी एकच सूर) आणि लेगाटोवर (नवा सूर नव्याने न छेडता) ठेवला की हे बरंच कमी होतं. डावा हात कडीजवळ नेऊन आवाज बारीक केला की सॉफ्टवेअरला सूरच सापडत नाही, यावर मात्र मला इलाज मिळालेला नाही.

नवीन घ्यायचं असेल तर मिडी. मूगच्या 2014 च्या थेरमिनीत यूएसबी मिडी आहे, 2020 च्या क्लाराव्हॉक्समध्येही मिडी आहे, आणि हाताने जोडाजोड करणाऱ्यांसाठी आर्दुइनोवर चालणारं ओपनथेरमिन. पण ‘मिडी आहे’ एवढ्यावर भुलू नका. सूर कुठल्या संदेशातून जातो ते विचारा. साध्या कंट्रोल चेंज संदेशात 0 ते 127 अशा 128 पायऱ्या. त्यांत पाच सप्तकं, म्हणजे 60 अर्धस्वर बसवले, तर एक पायरी जवळपास अर्ध्या अर्धस्वराची. कोमल ऋषभावरचं आंदोलन त्यात कुठे मावणार! पिच बेंडमध्ये, म्हणजे सूर वाकवणाऱ्या संदेशात, 16,384 पायऱ्या असतात. वर-खाली 24 अर्धस्वरांचा पल्ला ठेवला तरी पायरी एका सेंटच्या (अर्धस्वराच्या शंभराव्या भागाच्या) तिसऱ्या हिश्श्याहून लहान, कानाला सलगच. पल्ला थेरमिन आणि सिंथ, दोन्हीकडे सारखा लावा. बरेच सिंथ मुळात दोन अर्धस्वरांवर असतात. मग हात दोन सप्तकं फिरतो आणि सूर जेमतेम एक स्वर हलतो. थेरमिनीतली सूर दुरुस्त करणारी सोय शिकताना धीर देते, पण मींडीसाठी ती शून्यावर हवी.

कंट्रोल व्होल्टेजमध्ये पायऱ्यांचा प्रश्न जवळपास उरतच नाही. मूगच्याच ईथरवेव्ह प्लस या थेरमिनमधून सूर आणि आवाज यांची व्होल्टेजं वेगवेगळी निघतात, ती व्हीसीव्ही रॅक या मॉड्युलर सिंथच्या सॉफ्टवेअरमध्ये हवी तिथे जोडता येतात. गोची इंटरफेसची. साध्या इंटरफेसचं इनपुट स्थिर व्होल्टेज अडवतं: हात हवेत थांबवलात की आकडा आपोआप शून्याकडे घरंगळतो. खोक्यावर ‘डीसी-कपल्ड’ (स्थिर व्होल्टेज न अडवणारं) लिहिलेलं असलं तरी ते कित्येकदा फक्त आउटपुटबद्दल असतं. एक्सपर्ट स्लीपर्सच्या ईएस-8 ला तशी चार इनपुटं आहेत, पण ते युरोरॅक मॉड्यूल, पेटीत बसवायचा सुटा भाग. म्हणजे पेटी आणि पॉवर सप्लाय वेगळा. युरोरॅक आधीपासून घरात असेल तरच या वाटेला जा.

आणखी एक: सूर कीबोर्डवर ठेवून थेरमिनचा हात फक्त फिल्टरवर, म्हणजे आवाजाचा रंग बदलणाऱ्या भागावर, लावून बघा. तिथे 128 पायऱ्या सहसा पुरतात, आणि मिडीचं स्वस्तातलं थेरमिनही चालतं.

कुठलाही रस्ता घ्या, लॅपटॉप दांडीपासून चांगला लांब ठेवा आणि सगळ्या वायरी जोडून झाल्यावरच थेरमिन जुळवा. माझा टेबलावर शेजारीच होता. माऊसकडे वाकलो की सूर वर चढायचा, आणि मी तासभर सिंथची सेटिंगं तपासत बसलो होतो.