स्टिकर आय५ चं, प्रोसेसर २००८ चा

नोकरी बदलायची म्हणून लिनक्स शिकायला घेतलं. सरावाला तीन-चार व्हर्च्युअल मशीन (एकाच पीसीच्या आत सॉफ्टवेअरने चालणारे वेगळे कॉम्प्युटर) एकदम चालवावी लागतात, त्यासाठी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून जुना पीसी घेतला. ‘व्हर्च्युअलायझेशन चालेल ना?’ असं दोनदा विचारलं. ‘मॅडम, आय५ आहे, सगळं चालतं.’ कॅबिनेटवर तसं स्टिकर होतं. विंडोज सुरू करून सिस्टम प्रॉपर्टीजही दाखवल्या: कोअर आय५-२४००, ८ जीबी रॅम. ११,००० रुपये रोख मोजले.

घरी विंडोजशेजारी उबुंटू हे लिनक्स टाकलं. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये एकही मशीन सुरू होईना, व्हीटी-एक्स (इंटेल प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) उपलब्ध नाही एवढंच सांगत राहिलं. दुकानदार फोनवर म्हणाला, ‘बायोसमध्ये ऑन करा.’ दोन रात्री बायोस (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्ज) पालथा घातला, तो पर्यायच नव्हता. मग उबुंटूच्या टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही प्रोसेसरची माहिती देणारी कमांड चालवली आणि खरं नाव समोर आलं: कोअर २ क्वाड क्यू८२००, २००८ चा. या प्रोसेसरमध्ये व्हीटी-एक्स नाहीच. व्हर्च्युअलबॉक्स ६.१ पासून त्याशिवाय चालत नाही, आणि इंटेलवर केव्हीएमला (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) ते पहिल्यापासून लागतं.

विंडोज प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातून) वाचून दाखवतं आणि रजिस्ट्रीतलं नाव बदलता येतं. दर वेळी मशीन सुरू होताना खोटं नाव लिहिणारी छोटी फाइल मला स्टार्टअपमध्ये सापडली. दोन्ही प्रोसेसर चार कोअरचे, त्यामुळे शंका आली नाही. पण सिस्टम प्रॉपर्टीजमध्ये प्रोसेसरच्या ओळीत खोट्या नावाला जोडून ३.१० गिगाहर्ट्झ होतं आणि शेवटी खरा वेग, २.३३. हे तिथेच बघायला हवं होतं.

जुनं मशीन घ्यायला जाताना लाइव्ह उबुंटूचा (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या उबुंटूचा) पेनड्राइव्ह न्या, त्यावरून मशीन सुरू करा आणि एलएससीपीयू बघा. फ्लॅग्जमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या सोयींच्या यादीत, व्हर्च्युअलायझेशनसाठी इंटेलला व्हीएमएक्स, एएमडीला एसव्हीएम दिसलं पाहिजे. ‘बायोसमध्ये बंद असेल’ म्हणाले तर तिथेच चालू करून घ्या. ऑफिसांतून निघालेल्या मशीनच्या बायोसला कधीकधी पासवर्ड असतो, तो नंतर कोणी सांगत नाही. नेट असेल तर सीपीयू-चेकर टाकून त्यातली केव्हीएम-ओके ही तपासणीची कमांडही चालवा. आणि बिलावर प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या.

माझ्या बिलावर ‘कॉम्प्युटर सेट, १ नग’ एवढंच आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. दुकानदार विचारतो, ‘आय५ कुठे लिहिलंय, दाखवा.’