फुल-स्टॅक कोर्स, आठ महिने वापरून: व्हिडिओ जुने, कोडचा रिव्ह्यू मात्र सोन्यासारखा
डिचोलीहून पणजीला रोज कदंब बसने जातो, जाऊन येऊन दोनेक तास, ते सगळे गेले आठ महिने वेबसाइटची दिसणारी आणि मागची, दोन्ही बाजू शिकवणाऱ्या या कोर्सला दिलेत. वर्षाचे १८,००० भरलेत, आईला चार वेळा समजवावं लागलं, त्यामुळे वसूल झाले का हे मी बारीक बघणारच.

आधी तक्रार. रिॲक्टचा (वेबसाइटची स्क्रीन बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) पहिलाच धडा क्रिएट रिॲक्ट ॲपवर, म्हणजे नवीन प्रोजेक्ट उभा करून देणाऱ्या टूलवर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये रिॲक्ट १९ आलं आणि जानेवारीत मी व्हिडिओतली कमांड जशीच्या तशी मारली तर प्रोजेक्ट उभाच राहिना, सोबतच्या टेस्टिंग लायब्ररीला हवं रिॲक्ट १८ आणि टूल आणतंय १९, सगळी स्क्रीन एररने भरली. दोन रात्री गेल्या, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. सपोर्टला लिहिलं तर सहा दिवसांनी उत्तर, ब्राऊझरचा कॅशे साफ करा. अहो, टर्मिनलमधल्या एररचा आणि कॅशेचा काय संबंध! १४ फेब्रुवारी २०२५ ला खुद्द रिॲक्टच्या टीमने जाहीर केलं की नवीन ॲपसाठी हे टूल वापरू नका. तरी ऑगस्ट २०२५ मध्येही तोच व्हिडिओ. वीट (Vite) नावाचं दुसरं टूल वापरून हेच काम मिनिटात होतं, दहा मिनिटांचा नवा धडा टाकायला काय जातं? नवीन पोरं इथेच सोडून देतात, त्यांना वाटतं आपल्याला हे जमणारं नाही. याचाच मला जास्त राग आहे.

मार्चपर्यंत मी एकच स्टार देणार होतो. मग प्रोजेक्टचे रिव्ह्यू सुरू झाले. तिथे खरा माणूस आपला कोड वाचतो. माझी पहिली पुल रिक्वेस्ट (केलेले बदल तपासून घ्या अशी विनंती) ४० फाइलींची, ती न वाचताच परत आली, तुकडे करून पाठवा म्हणून. वाईट वाटलं, पण केले. मग ओळीओळीला प्रश्न, हा यूजइफेक्ट (स्क्रीन बनल्यावर चालणारा रिॲक्टचा कोड) कशाला, ही बेरीज रेंडर होतानाच, म्हणजे स्क्रीन बनतानाच काढता येते की. तीन वर्षं नोकरी करतोय, ऑफिसात माझा कोड असा कोणी वाचलाच नव्हता, "चालतंय ना?" एवढंच विचारायचे.

जूनमध्ये एका हॉटेलचं बुकिंग पेज माझ्याकडे आलं, मोबाईलवर वरचा मोठा फोटो दिसायला सहा सेकंद. गूगलच्या मोजमापात हे २.५ सेकंदांच्या आत हवं. पूर्वी फोटो लहान करून मोकळा झालो असतो. यावेळी आधी ब्राऊझरचा नेटवर्क टॅब (कुठली फाइल कधी येते ते दाखवणारा) बघितला, नेमकं त्याच फोटोला लेझी लोडिंग, म्हणजे फोटो उशिरा मागवायची सोय लावलेली. ती काढली, फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये केला, २.२ सेकंदांवर आलं. पुल रिक्वेस्टमध्ये आधीचे नंतरचे आकडे लिहिले, ही सवय रिव्ह्यूमुळेच लागली. आता दोन ज्युनिअर आपला कोड मला दाखवूनच पुढे पाठवतात. पगार अजून वाढलेला नाही, तेही सांगतो.

एचटीएमएल, सीएसएससाठी मात्र पैसे घालू नका, एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प या साइट्सवर फुकट आहे आणि चांगलं आहे.

ऑटो-पे मी बंद केलाय. नुसत्या रिव्ह्यूचा वेगळा प्लॅन काढला तर त्याच दिवशी पैसे भरेन, तसं त्यांना दोनदा लिहिलंय, अजून उत्तर नाही.