हत्यारांचे चाकांवरचे कपाट: पत्रा की प्लाय?

रत्नागिरीतल्या माझ्या छोट्या वर्कशॉपसाठी मी हत्यारांची दोन फिरती कपाटे करून घेतली, पहिले पत्र्याचे आणि चार वर्षांनी प्लायचे. एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) विचारच केला नाही. कोकणातल्या पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात.

मजबुतीत पत्र्याला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. २५ मिलिमीटरच्या स्क्वेअर पाइपची चौकट आणि त्यावर १८ गेजचा (सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा) पत्रा असला, की कपाटावर वायस (काम घट्ट धरून ठेवणारा शिकंजा) बसवून हातोडा चालवला तरी ते कुरकुरत नाही. सांडलेले ऑइल फडक्याने पुसता येते आणि वाळवीची भीती नसते. गंजही, निदान माझ्याकडे, पावडर कोटिंग खरवडले गेले तेवढ्याच जागी दिसला.

मला छळले ते खणांनी. टेलिस्कोपिक चॅनेलला, म्हणजे खण ज्यावर सरकतो त्या एकात एक जाणाऱ्या पट्ट्यांना, खणाच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा लागते आणि त्यात एक-दोन मिलिमीटरचा फरकही त्यांना सोसत नाही. माझी चौकट वेल्डिंगचे छोटे टाके मारून जोडली तेव्हा गुण्यात (काटकोनात) होती, पण पूर्ण वेल्डिंग गार होताना पाइप ओढला गेला आणि मधोमध ती दोन मिलिमीटर आत आली. त्यामुळे पान्ह्यांचा तिसरा खण अर्ध्यावर अडकू लागला. गाडीखाली झोपलेला माणूस १३ नंबरचा पाना मागत असे आणि मी कपाटाला गुडघा लावून खण ओढत असे. चॅनेलच्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असल्याने दुरुस्ती म्हणजे पुन्हा ग्राइंडर, पुन्हा वेल्डिंग आणि पुन्हा तीच ओढ.

प्लायच्या कपाटात सुताराकडूनही असाच फरक राहिला, पण तिथे खण सैल होता. दोन स्क्रू ढिले करून चॅनेलमागे सनमायकाची पट्टी सरकवली आणि खण बोटाने आत जाऊ लागला.

प्लाय हलके असते, हा मात्र गैरसमज आहे: आठ बाय चारचा १८ मिलिमीटरचा तक्ता सुमारे ३५ किलोचा भरतो, तेवढाच १८ गेजचा पत्रा त्याहून हलका. शिवाय प्लायच्या कडेत स्क्रू धरत नाही, म्हणून तळ दोन थरांचा करून चाके आरपार बोल्टने बसवावीत आणि निदान तळाला तरी मरीन प्लाय (पाण्याला टिकणारे प्लाय) घ्यावे.

कपाटावरच ठोकाठोकी करायची असेल तर पत्रा बरा; दिवसभर खण उघडझाप करणाऱ्याला मी प्लायच सुचवीन. माझे पत्र्याचे कपाट आता वायस घेऊन भिंतीशी उभे आहे, आणि त्याचा तिसरा खण मी काढून टाकला आहे.